महापौरांच्या दप्तरातला स्वेटर

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका हे साऱ्या कुवेतमधले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना इटलीतल्या एका मोठ्या शहराचा महापौर हा आपल्या घरातलाच माणूस वाटत असे. शहराचं नाव मी लिहीत नाही. "त्यांना उगाच अडचण नको," म्हणून काकांनी माझ्याकडून तसं वचन घेतलं आहे, आणि ते मोडलं तर काका माझी तक्रार कोणाकडे करतील हे मला पक्कं ठाऊक आहे.

काका मूळचे मिरजेचे. कुवेतमध्ये मंगफ या उपनगरात आमच्याच इमारतीत राहायचे आणि दक्षिणेकडच्या तेलाच्या पट्ट्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने त्यांना पंपांच्या ट्रेनिंगसाठी सहा महिने इटलीत पाठवलं. बाकीचे लोक तिथून येताना चामड्याचे बूट आणत, काका महापौर घेऊन आले. झालं असं, की एका शनिवारी फिरता फिरता ते तिथल्या नगरभवनात शिरले. आत एक कोटवाला माणूस छातीवर तिरंगी पट्टा आडवा बांधून एका जोडप्याचं लग्न लावत होता. काकांना कोणी तरी नवऱ्या मुलाकडचं समजलं आणि बाहेर पडताना त्यांच्या मुठीत तांदूळ ठेवले. काकांनी अक्षता टाकल्या, फोटोतही उभे राहिले. तो पट्टेवाला महापौर आहे हे कळल्यावर मात्र त्यांना रात्रभर झोप आली नाही. आपल्याकडचा महापौर हार घालतो आणि घालून घेतो, एवढंच त्यांनी पाहिलेलं. "इथे भटजी नाही, पाद्री नाही," ते आम्हाला सांगत. "महापौर लग्न लावतो, रजिस्टरवर सह्या घेतो आणि रजिस्टर स्वतःच्या कपाटात ठेवतो. आपले भटजी दक्षिणा घेऊन जातात ते जातात. पुढे नवरा-बायकोत काही बिनसलं तर विचारायचं कोणाला?"

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीला काका एकच माप लावत. लिफ्ट बंद पडली, पाण्याची टाकी रिकामी झाली, वाळूच्या वादळानंतर जिना साफ झाला नाही, की ते जिन्यात उभे राहून शांतपणे म्हणत, "तिथे असतं तर एव्हाना महापौरांकडे गेलं असतं." इथे तसं कोणी नसल्यामुळे इमारतीपुरतं ते काम त्यांनी स्वतःच पत्करलं. निवडणूक झाली नाही, कारण दुसरं कोणी उभं राहायला तयार नव्हतं. आमचा इजिप्शियन हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, त्यांना अरबीत "या रईस", म्हणजे अहो प्रमुख, अशी हाक मारायचा. तो केळीवाल्यालाही रईसच म्हणतो हे काकांच्या कानावर घालण्याचं धाडस कोणी केलं नाही. कोणाच्या मुलाचा वाढदिवस असला, की काका काकूंच्या जुन्या साडीचे काठ उसवून शिवलेला हिरवा-पांढरा-लाल पट्टा छातीवर घालून येत आणि केक कापण्याआधी दोन शब्द बोलत. केक उन्हाळ्यातही थांबायचा. आइस्क्रीम थांबायचं नाही, म्हणून त्यांनी आइस्क्रीमला हरकत घेतली होती.

कपाटाच्या दाराला आतून त्यांनी त्या शहराच्या महापौरांची यादी चिकटवली होती. रेडिओवर इटलीचं सरकार पडल्याची बातमी आली, की काका जेवताना गप्प होत. सरकार रोमचं पडलं आहे, महापौर जागेवर आहेत, असं बाबांनी समजावलं तरी कामावरच्या इटालियन फोरमनकडून खात्री करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "पुण्यातही महापौर बदलतो," ते म्हणत, "पण तो ठरवून. तिथे नगरसेवकांचं भांडण झालं की बदलतो. मग आपलं प्रकरण नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं."

ते प्रकरण म्हणजे एक स्वेटर. काकांचं इटलीला जायचं घाटत होतं म्हणून काकूंनी फहाहीलच्या बाजारातून तपकिरी लोकर आणून तो विणला होता. मिरजेच्या बाईला विणकाम माहीत असण्याचं कारण नव्हतं. एका मासिकातले नमुने बघून, उसवून, पुन्हा घालून तो पुरा व्हायला दोन हिवाळे लागले. काकूंनी आयुष्यात विणलेली ती एकच वस्तू. गळा घट्ट, आणि डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. काकांनी तो तिथे रोज घातला. मार्चमधल्या एका उबदार दुपारी ट्राममध्ये काढून शेजारी ठेवला आणि उतरताना विसरले. त्याच संध्याकाळी नगरपालिकेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत जाऊन त्यांनी फॉर्म भरला. फॉर्म कचेरीत राहिला, काका कुवेतला परत आले, आणि काकूंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

काकू भांडत नसत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दर वर्षी डिसेंबरात ट्रंकेतले गरम कपडे उन्हात टाकताना त्या फक्त एकदा म्हणत, "लाज वाटली म्हणून टाकून दिला, असं सरळ सांगावं ना माणसानं." बस, एवढंच. त्यानंतर वर्षभर तो विषय नसे. सुया त्यांनी हारिसच्या बायकोला देऊन टाकल्या होत्या. काकांनी पहिल्या वर्षी शपथा घेतल्या, दुसऱ्या वर्षी गप्प बसले आणि तिसऱ्या वर्षी महापौरांना पत्र लिहिलं. स्वेटर शोधून द्या; तो नसेल तर मी त्या दिवशी कचेरीत आलो होतो एवढं शिक्का मारून द्या. आम्ही कुवेतमधली माणसं शिक्क्यांवर जगत होतो. इथे राहतो हे इकाम्याचा, म्हणजे निवास परवान्याचा, शिक्का सांगायचा, घरी गेलो होतो हे पासपोर्टाचा. मग आपण बायकोचा स्वेटर टाकून दिला नाही, हे शिक्क्याशिवाय कसं सिद्ध व्हायचं?

या कामात मी कशी ओढली गेले हे सांगायला हवं. मी इंग्रजी शाळेत जात होते, टायपिंग शिकत होते आणि कोणाला नाही म्हणता येत नसे. काकांना यातलं तिसरं सर्वांत उपयोगी वाटलं. ते मला 'सेक्रेटरी' म्हणत. दर चार महिन्यांनी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसायचे, ते येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि काकू स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवायच्या. मी इंग्रजीत काही विचारलं, की काका म्हणत, "मराठीत विचार. इंग्रजी महापौरांसाठी ठेव." प्रत्येक पत्र 'सिन्योर सिन्दाको', म्हणजे 'महापौर महाशय', असं सुरू व्हायचं. नवा महापौर असला तर आधी अभिनंदन, मग शहराच्या ट्रामचं कौतुक, मग 'नागरी महत्त्वाचं एक प्रलंबित प्रकरण'. काकू, त्यांचा राग, डिसेंबरातलं ते वाक्य, यातलं काहीही काका त्यात येऊ देत नसत. घरातलं कशाला, म्हणत. उत्तरंही येत: शहराचं चिन्ह छापलेली आभाराची कार्डं, एका वर्षी तर कॅलेंडर. कॅलेंडर काकांनी भिंतीला लावलं आणि वर्ष संपल्यावरही काढलं नाही. मला कीव यायची. काकांना यायची नाही. "दार उघडं आहे," ते कार्ड दाखवून म्हणत. "बंद असतं तर कार्ड आलं असतं का?"

बारावी झाल्यावर मी पुण्याला कॉलेजात जाणार हे ठरलं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांचं सोळावं की सतरावं पत्र टाइप केलं. काका सही करून टाय सोडायला आत गेले (सही ते टाय घालूनच करत), आणि मी कधी करत नाही ते केलं. सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत, कागद पुन्हा मशीनमध्ये घालून, न विचारता एक ओळ घातली: यांची पत्नी नऊ वर्षं समजते आहे की यांनी तो लाजेने टाकून दिला. काका बाहेर यायच्या आत लिफाफा चिकटवून टाकला.

सात आठवड्यांत जाड लिफाफा आला. सगळं इटालियनमध्ये. काका पाकीट दोन्ही हातांत धरून आमच्या दारात उभे होते. "माझं इटालियन बोलण्याचं आहे," ते म्हणाले, "वाचण्याचं नाही." दोन इमारतींपलीकडे एका इटालियन इंजिनिअरची बायको राहायची. पाच वर्षं मी तिला बघून रस्ता बदलत होते, कारण ती हसून काही तरी विचारायची. त्या दुपारी मी एकटी गेले आणि बेल वाजवली. तिने सगळं दोनदा वाचलं, मला इंग्रजीत सांगितलं, आणि एका ठिकाणी थांबून चष्मा पुसला. तिने कॉफी दिली. मी ती प्यायलेसुद्धा.

संध्याकाळी काका-काकूंसमोर मी मराठीत वाचून दाखवलं. पत्रावर महापौरांची स्वतःची सही होती आणि ते काकांना नव्हतंच, ते काकूंना होतं. 'आदरणीय बाईसाहेब' अशी सुरुवात ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तिचं यांना कसं कळलं?" मी पुढची ओळ वाचायला घेतली. महापौरांनी लिहिलं होतं, की स्वेटर मिळाला नाही, सापडलेल्या वस्तू इतकी वर्षं ठेवत नाहीत, त्याबद्दल दिलगीर आहोत. मात्र आपले पती त्या दिवशी आमच्या कचेरीत आले होते. त्यांनी भरलेल्या फॉर्मची प्रत शिक्क्यासह जोडली आहे.

काकूंनी हात पुढे केला. प्रत त्यांनी उजेडाकडे नेली. काकांची मोठमोठी इंग्रजी अक्षरं त्यांनाही वाचता येत होती. छापील इटालियन रकाने काय विचारताहेत ते मी सांगत गेले. वस्तू: स्वेटर. रंग: तपकिरी. कोणी बनवला: पत्नीने. स्थिती: उत्तम. शेवटचा रकाना होता, ओळखीची खूण. त्यापुढे काकांनी लिहिलं होतं, 'काही नाही.'

काकूंनी त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"डावी बाही लांब आहे एवढं लिहिलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर त्याच दिवशी सापडला असता."

"माहीत आहे," काका म्हणाले. "परक्या माणसाला कशाला सांगायचं?"

काकू उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही. जरा वेळाने चहा आला, आणि कपांच्या मागोमाग काकूही आल्या त्या थेट माझ्यासमोर बसल्या. "लिही," म्हणाल्या. काकांनी टायकडे हात नेला, तशा म्हणाल्या, "तुम्ही नाही. हे पत्र माझं आहे." मग त्यांनी एकही शब्द न अडखळता सांगितलं, की महापौरसाहेबांचे आभार, आणि त्यांच्या दप्तरात एक दुरुस्ती करून घ्यावी. ओळखीची खूण: डावी बाही चार बोटं लांब. खाली सही काकूंनी मराठीत केली. काका मागे उभे राहून वाचत होते. त्यांनी एकच सुचवलं, ट्रामबद्दल एक वाक्य घालावं. घातलं.

ती दुरुस्ती झाली की नाही, मला ठाऊक नाही. मी जूनमध्ये पुण्याला आले. महापौर पुन्हा बदलले, काकांनी नव्यांचं अभिनंदन केलं. आता टाइप कोण करतं, हे विचारायचं माझ्याच्याने होत नाही. गेल्या जानेवारीत काकांचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. काकूंनी सुया परत मागून आणल्या आणि नवा स्वेटर विणला, तोही तपकिरीच. या खेपेला दोन्ही बाह्या अगदी सारख्या आल्या आहेत, सगळी इमारत बघून गेली, हारिसनेही तारीफ केली. खाली, सहीच्या वरच्या रिकाम्या जागेत, बारीक अक्षरांत एक ओळ होती: "स्वेटर छान आहे, पण थंडीत डावा हात जरा उघडा पडल्यासारखा वाटतो. हे तिला कळवू नये. महापौरांनाही."