उड्यांचे खेळ आणि उजवी मूठ

उड्या मारायच्या खेळात पडलं की मेलं पाहिजे, असं माझं मत होतं. ते मी पाच आठवडे धरून बसलो. माझी नात म्हणते, आबाजी, तुमचं मत मोडते पण वाकत नाही. ती आदिलाबादच्या एका दवाखान्यात नोकरीला आहे, हातपाय मोडलेल्यांकडून व्यायाम करून घेते. तोंडाची फटकळ आहे. माझ्यावरच गेली.

माझा उजवा हात माझ्या धाकट्या भावानं मोडला. भर सकाळी, चार लोकांसमोर.

वाटणी झाली तेव्हा घरात बैलजोडी एकच होती. एक बैल त्याच्याकडे गेला, एक माझ्याकडे. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून आमची सावड होती. एक दिवस दोन्ही बैल माझ्या वावरात, एक दिवस त्याच्या. तामसी गावाच्या बाजूला आमची वांगी, मुळा, मेथी. वावरं लहान, पण माती काळी आणि चिवट. पहिल्या पावसानंतर ती पायाला चिकटत नाही आणि ढेकळंही धरत नाही, असे मोजून दोन दिवस येतात. त्याला वापसा म्हणतात. वापसा गेला की नांगर धरून रडा. यंदा वापसा आला त्या दिवशी पाळी माझी होती. तो म्हणतो, त्याची होती. मी गेलो तर दोन्ही बैल त्याच्या नांगराला. झालं भांडण. त्यानं बैलगाडीच्या कडेचा उभा दांडा, उभारी म्हणतात ती, उपसली, बाभळीची, हातभर लांब, आणि माझ्या मनगटावर घातली. ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. पंजा खाली लोंबला, बोटं भलतीकडंच पाहून राहिली होती.

मी ओरडलो नाही. डाव्या हातानं तीच उभारी मातीतून उचलली आणि म्हणालो, "हाच हात बरा होईन, हीच उभारी धरीन, आन् तुयं मनगट मोडीन. वाट पाय."

लोक म्हणाले, पोलिसात जा. मी गेलो नाही. आपला मार आपणच परत द्यावा, तिसऱ्याच्या हातून देऊ नये. उभारी खाटेच्या उशाला ठेवली.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर तेलुगूतच म्हणाला, "ताता, मूठ मिटवा." ताता म्हणजे आजोबा. मी जोर लावला. मुठीतून लिंबू आरपार जाईल एवढी फट राहिली. डॉक्टर म्हणाला, पोळ्यापर्यंत मिटली तर मिटली, नाहीतर जन्मभर अशीच. घरचे ऐकून घाबरले. मी वेगळ्याच हिशेबानं घाबरलो. उभारी लिंबाएवढी जाड नाही.

व्यायामाला रबरी चेंडू मिळाला. दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी मेथीत शिरलेल्या कोंबड्याला फेकून मारला. कोंबडा लंगडला, चेंडू नाल्यात गेला. रविवारी नात तामसीच्या बसनं आली आणि पिशवीतून तळहाताएवढी खेळाची डबी काढली. मध्ये काच, दोन्ही बाजूंना बटणं. तिचीच होती, ड्यूटीवर जाताना बसमध्ये खेळते म्हणे.

"आंगठा चालला पाह्यजे, आबाजी. जिंकले काय, हरले काय."

"मी हरत नसतो."

तिचं लक्ष उशाकडं गेलं. "हे काऊन ठेवलं इथं?"

"कुत्रं येते."

"कुत्रं, का लहाने आबाजी?"

मी बटण दाबलं.

पहिला खेळ मुंगसाचा. मुंगूस ढगावरून ढगावर उड्या मारते, बोरं गोळा करते. मी पहिल्याच उडीला पडलो. वाटलं, मेलं. तर एक बगळा खालून आला, मुंगसाला चोचीत धरलं आणि जिथून पडलं होतं तिथंच अलगद ठेवलं. पुन्हा पडलो, पुन्हा बगळा. मी मुद्दाम वीस वेळा खड्ड्यात उडी मारली. बगळा वीसही वेळा आला. मला संताप आला. मी म्हणालो, हा काय खेळ आहे? लेकराला दूध पाजून राह्यले का? ज्या खड्ड्यात मरण नाही, त्यावरून उडी मारण्यात काय मर्दुमकी?

"मंग हा घ्या," नात म्हणाली आणि दुसरा खेळ लावून दिला.

तो खेळ माझ्या जातीचा. एक टकला माणूस करवतींवरून उड्या मारतो. सगळीकडं गरगर फिरणाऱ्या करवती, वरून खिळे, खालून तेजाब. बोटभर चुकला की चिंधड्या. भिंतीवर रक्त उडते ते पुसलंही जात नाही, पुढच्या खेपेला तुमचंच रक्त तुम्हाला दिसत राहते. मी दिवसभर त्याला मारून घेतलं. दोन तुकडे झाले, चार झाले, पिठल्यासारखा झाला. तिसऱ्या दिवशी अंगठा वांग्याएवढा सुजला आणि मी डबी भिंतीवर फेकली. एक कोपरा तुटला. डबी मात्र चालू राहिली, हे तिच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

रविवारी नातीनं अंगठा पाहिला आणि डोळे मोठे केले. "आता फक्त मुंगूस. करवतीले हात लावसान तर डबी घेऊन जाईन."

मुंगूस खेळता खेळता मला कळलं की करवतीचा खेळ मला आवडला, कारण तो ओळखीचा होता. माझा बाप तसाच होता. पिकाला पाणी देताना बारं चुकलं की कमरेत लाथ. शाळेत मास्तर तसाच. मला तेलुगू अक्षर वळत नव्हतं, तर तो पट्टी आडवी धरून धारेनं बोटांच्या पेरांवर मारायचा. पाच चुका, पाच फटके. हाडावर. एक दिवस मी त्याचा हात धरला आणि असा चावलो की दातांना हाड लागलं. तिथंच माझी शाळा संपली. चौथी सुरू होती. मला त्याचा पस्तावा नाही. पण अक्षरही वळलं नाही, हे खरं आहे.

बगळ्याच्या खेळात हात थांबत नाही. पडलं की उठलं, पडलं की उठलं, अंगठा आपला चालूच. अवघड खेळात निम्मा वेळ शिव्या देण्यात जातो. माझं मत आता असं झालं आहे: सोपा खेळ म्हणजे रवंथ. बैल रवंथ करतो तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही, पण पोट त्यानंच भरते. दर रविवारी नात मुठीच्या फटीतून काहीतरी टाकून पाही. लिंबू अडलं, मग बोर अडलं, मग सुपारी. एकेक अडलं की मी उशाकडं पाहायचो.

तिसरा खेळ विचित्र. त्याचा नायक मुळा. पाय फुटलेला मुळा, खांद्याला झोळी, गावोगाव टपाल वाटतो. ज्यानं काढला त्यानं मुळ्याचं वावर जन्मात पाहिलं नाही. पानं गाजराची लावून दिली आहेत. मुळ्याचं पान रुंद आणि खरबरीत असते, हाताला टोचते. पाय फुटले ते मी चालवून घेतलं, पान नाही चालवून घेणार. बाकी गाव मात्र झकास. दुकान गोगलगायीचं, म्हणून ते कधी उघडलेलंच नसते. एक कोंबडी चष्मा लावून अंड्यांना हजेरीला उभं करते. मी हसलो, घरात कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं हसलो.

पुढं नदीवर पूल, आणि पुलावर खेकडा. गाडीएवढा. हलेना. मुळ्याकडं एक काठी असते. मी खेकड्याला हाणलं. तो डोळे मिटून घेई आणि पुन्हा उघडी. मी सोमवारी हाणलं, मंगळवारी हाणलं. नांग्यांवर, पाठीवर, डोळ्यांवर. काठी मोडली तर नवीन आणून हाणलं. पटकी लागो, अशा शिव्या दिल्या. खाली काहीतरी इंग्रजीत उमटायचं, ते मला वाचता येत नव्हतं, आणि कोणाला विचारायचं मला जमत नव्हतं. शनिवारपर्यंत मूठ चांगली गरम झाली होती.

रविवारी नात पाहून हसत सुटली. "आबाजी, सहा दिवस मारलं याले? तो काय म्हणून राह्यला, माहीत हाय का? पाठ खाजवली, बरं वाटलं, म्हणते."

"मंग जाऊ काऊन देत नाई?"

"याच्याशी बोला लागते. एकदा बोललं तर गप राहते. दुसऱ्यांदा बोला लागते. इथं सगळेच दुसऱ्यांदा सांगतात."

"मी कोणाशी दोनदा बोलत नाई."

"तुमी एकदा तरी कुठं बोलता?" ती म्हणाली. "त्या दिवशी वावरात तरी बोलले होते का?"

हे तिला कोणी सांगितलं, माहीत नाही. मघाशी मी सांगितलं की भांडण झालं. भांडण झालं नव्हतं. मी वावरात गेलो, बैल पाहिले, आणि हाकायची काठी भावाच्या डाव्या कानावर घातली. एक शब्द न बोलता. तो गुडघ्यावर बसला. कानातून रक्त मानेवर आलं, सदऱ्यात गेलं. मी दुसरी मारली. तिसरीला काठी उचलली तेव्हा त्यानं उभारी उपसली. आता सांगून टाकलं. पाळी मात्र माझीच होती.

खेकड्याशी मी बोललो नाही. डबी बाजूला ठेवली.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी नातीनं मुठीत तुरीचा दाणा टाकला. तो करंगळीखालून खाली पडला. ती म्हणाली, "एवढी फट राहू द्या, आबाजी. एवढ्यानं काय होते?" तिचं खरं होतं. उभारी तुरीच्या दाण्याहून जाडच असते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोण्यानं मळतात. ऊन अजून होतं. मी उभारी घेतली आणि भावाच्या गोठ्यात गेलो. तो त्याच्या बैलाजवळ वाकून खांदा मळत होता. डावी बाजू माझ्याकडं. बायकामाणसं आत होती.

मागून मारायचं नाही, हे मी ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "ऊठ."

त्यानं मान वळवली नाही.

"ऊठ म्हणतो. मनगट काढ."

तो खांदा मळतच राहिला, वर बैलाशी काहीतरी गुणगुणत. माझं डोकं फिरलं. एवढा माज! उभारी उचलली आणि दाणकन हाणली, ती त्याच्या बाजूच्या लोखंडी घमेल्यावर बसली. हळद उडाली. तो दचकून फिरला, मला पाहिलं, आणि अंगावरच आला. दोघं शेणात पडलो. मी बहात्तरचा, तो सहासष्टचा. त्याचं डोकं माझ्या तोंडावर आदळलं, माझा एक दात हलला, तोंड रक्तानं खारट झालं. त्यानं माझा कान पिळून धरला होता. मी त्याच्या सदऱ्याची गळ्याजवळची घडी पकडली आणि पिळली. बैल नाचत होता, खूर माझ्या डोक्यापासून वीतभर. मी पिळतच गेलो. त्याचा चेहरा काळानिळा झाला.

"दादा," तो घशातून म्हणाला, "मूठ मिटली की तुयी."

मी पाहिलं. मिटली होती. नखं तळव्यात रुतली होती. दाणा काय, हवा जायला जागा नव्हती.

"सोड आता."

"आधी तू सोड."

त्यानं कान सोडला. मग मी. दोघं तिथंच बसून श्वास घेत राहिलो.

"दोनदा हाक मारली तुले," मी म्हणालो. "बोलला काऊन नाई?"

"कोण्या बाजूनं मारली?"

मी बोट दाखवलं. त्यानं डाव्या कानाला हात लावला. "या बाजूनं ईज पडली तरी ऐकू येत नाई मले. त्या दिवसापासून."

क्षमाबिमा आमच्या घरात कोणी मागत नाही. उभारी बैलाच्या पायाखाली पडली होती, ती मी उचलली तेव्हा त्यानं मनगट आपण होऊन पुढं केलं. "घे. मोड. उद्या पोळा हाय, आजच मोड."

मनगट बारीक झालं होतं. बापाचं शेवटी होतं तसं. मी उभारी गोठ्याबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीला, तिच्या भोकात बसवून दिली. ती त्याचीच होती. घमेल्याच्या काठाला थोडं लोणी राहिलं होतं, ते घेतलं आणि बैलाच्या खांद्याला लावलं. मग रीतीप्रमाणं बैलाला आवतन दिलं, तोंडात रक्त होतं तरी, मोठ्यानं: "आज आवतन घे, उद्या जेवाले ये!"

"बैल बहिरा नाई, दादा," भाऊ म्हणाला.

पुढच्या रविवारी नातीनं दाणा टाकला, तो पडला नाही. तिनं उशाकडं पाहिलं. "कुत्रं येत नाई का आता?"

"येते," मी म्हणालो. "दुपारी येते. डबी मागते."

भाऊ खेळतो. फार वाईट खेळतो. मुंगूसही त्याला अवघड जाते, बगळ्याला उसंत मिळत नाही. करवतीच्या खेळाला तो भितो. खेकड्याशी मात्र तो पहिल्याच दिवशी दोनदा बोलला आणि पूल ओलांडून गेला. तो पाचवी पास आहे, म्हणून. पाळी कोणाची होती यावर आमचं अजून एकमत नाही, त्यावरून परवा पुन्हा तोंडातोंडी झाली. तो चुकला की मी शिव्या देतो. त्या त्याला ऐकू गेल्या पाहिजेत, म्हणून आता मी त्याच्या उजव्या बाजूला बसतो.