तळव्यांनी ऐकणारा मिस्त्री

दगड बसवणाऱ्या माणसाचे हात सगळे बघतात, पाय कोणी बघत नाही. या मिस्त्रीचे पाय मात्र बघण्यासारखे होते. पंजे रुंद, पसरट. बोटं एकमेकांपासून फटकून राहणारी. आणि तळवे तान्ह्या पोरासारखे मऊ. रोज आंघोळ झाली की तो तळव्यांना तेल चोळायचा. सुतार रंध्याच्या पात्याला धार लावतो ना, तितक्या निष्ठेने.

त्याचं कारण असं. फरशी बसली की तिच्याखाली सिमेंटचा माल गच्च भरलाय की कुठे पोकळ राहिलाय, हे वरून दिसत नाही. पोकळ फरशी दिसायला शेजारणीची सख्खी बहीण. पण तिच्यावरून ओझी जाऊ लागली की वर्षा-दोन वर्षांत ती तडकते, आणि मग शेजारणीलाही घेऊन बुडते. म्हणून प्रत्येक फरशी लाकडी हातोड्याने ठोकून बघायची. भरीव असेल तर ‘टक्’ म्हणते, पोकळ असेल तर ‘डब्’. बाकीचे मिस्त्री हे कानाने ऐकतात. याच्या बापाने याला पायाने ऐकायला शिकवलं होतं. अनवाणी उभं राहायचं, ठोकायचं, आणि थांबायचं.

“हाताला आपलाच घाव कळतो,” बाप म्हणायचा. “दगडाचं उत्तर पायाला कळतं.”

बापाचं हे देणं पुढे भलतंच कामी आलं. तीस वर्षं दगड कापायच्या यंत्राशेजारी काढल्यावर मिस्त्रीचे कान गेले. एका दिवसात नाही गेले. आधी बारीक आवाज गेले: शिट्टी, घंटी, चिमण्या. समोर तोंड करून कोणी बोललं तर त्याला कळे. पाठीमागून हाक मारणं म्हणजे भिंतीशी बोलणं. लोक म्हणायचे, मिस्त्री फार शिष्ट. तो ते म्हणू द्यायचा. शिष्ट मिस्त्रीला काम मिळतं. बहिऱ्या मिस्त्रीकडून फरशी कोण तपासून घेणार? खरी गोष्ट ठाऊक होती ती एकट्या बायकोला. ती त्याच्याशी नेहमी समोर येऊन बोलायची. लोकांना वाटायचं, किती प्रेम आहे बघा दोघांत. होतंही.

त्या वर्षी शहराने दोन मोठी कामं एकदम काढली. शहराच्या मधोमध असलेली जुनी बाजारपेठ पाडून तिथे काचेच्या इमारती, पायी फिरायचे चौक आणि कारंजं करायचं ठरलं. आणि शहराबाहेर विमानतळाचं नवं टर्मिनल उठू लागलं. त्याच्या खर्चाचा आकडा वर्तमानपत्रात दर सहा महिन्यांनी कूस बदलायचा, आणि प्रत्येक वेळी जरा जाड होऊन उठायचा. मिस्त्री राहायचा बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, वरच्या दोन खोल्यांत. समोरची रांग पाडून झाली होती. खिडकी उघडली की पूर्वी शेजारणीचा ओटा दिसायचा, आता नुसतं आभाळ दिसायचं. बायको म्हणायची, “आभाळाशी काय बोलू? ते वाटीभर साखर देतं का?”

खोल्यांखाली बॅगवाल्याचं दुकान होतं. तुटलेल्या चेन, निखळलेल्या मुठी आणि मुख्यतः प्रवासी बॅगांची चाकं, हा त्याचा व्यवसाय. विमानतळावर फरशी तपासायचं काम मिस्त्रीला मिळालं, तेव्हा बॅगवाल्याने खालूनच हात जोडले.

“बाबा रे, जरा वाईट बसव. बॅगांची चाकं मोडली पाहिजेत. हे लोक माझं दुकान शहराच्या कुठल्या टोकाला फेकतील कोण जाणे. पण चाक मोडलं की गिऱ्हाईक मला हुडकत येईल.”

“माझ्या फरशीवर एक जरी चाक मोडलं,” मिस्त्री म्हणाला, “तर हातोडा टाकून तुझ्याकडे चाकं बसवायला येईन.”

“ये ये. स्टूल रिकामंच आहे.”

टर्मिनलच्या कामावर मिस्त्रीचं काम साधं आणि मोठं होतं. बसवणारे बसवत जायचे. तो मागून ठोकत जायचा. जी फरशी भरीव, तिच्या कोपऱ्यावर खडूने टिंब द्यायचा. टिंब आलं की त्या फरशीवर घोटाई व्हायची, म्हणजे यंत्राने घासून तिला चकाकी यायची. मोठ्या दारापासून सामान देण्याच्या काउंटरपर्यंतची मधली पट्टी त्याच्याकडे आली. सगळं जग बॅगा ओढत जाणार ते त्याच पट्टीवरून.

पण दारातच घोडं अडलं. आत बूट सक्तीचे. पुढे लोखंड आणि खाली बोटभर जाड रबर असलेले. सुरक्षेवर नेमलेल्या माणसाच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून कामगार त्याला शिट्टीसाहेब म्हणत. पहिल्याच दिवशी मिस्त्री अनवाणी आत शिरला आणि शिट्टीसाहेबाने शिट्टी फुंकली. मिस्त्री चालतच राहिला. दुसरी फुंकली. मिस्त्री चालतच राहिला. शेवटी साहेब धापा टाकत पुढे येऊन उभा राहिला, तोंड टोमॅटोसारखं लाल.

“ऐकू येत नाही का?”

हा प्रश्न मिस्त्रीला बरोबर ऐकू आला. आणि उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने निमूट बूट घातले.

तीच त्याची चूक. बुटात पाय गेले आणि तळवे मुके झाले. तो ठोकायचा, थांबायचा; खालून काहीच यायचं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता हात आपल्या सवयीने टिंब देत गेला. बसवणारे जुने, कसलेले कारागीर आहेत. त्यांच्या हातून काय चुकणार आहे, असं तो स्वतःला सांगायचा. आठ दिवसांत पट्टी संपली. मागून घोटाईची यंत्रं फिरली आणि दगडात छताचे दिवे दिसू लागले.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी बाजारपेठेतल्या जुन्या मंडईची पाडापाडी सुरू झाली. मंडईची फरशी त्याच्या बापाने बसवली होती, आणि सोळाव्या वर्षी हाताखाली तो स्वतः होता. तिला निरोप द्यायला म्हणून मिस्त्री दुपारी तिथे गेला. गाळे उठलेले, छताचे पत्रे काढलेले, लांबच्या टोकाला फोडायचं यंत्र चाललेलं. त्याने वहाणा काढल्या आणि बापाच्या फरशीवर पाय ठेवला.

यंत्राचा धक्का दगडांतून चालत त्याच्या तळव्यांपर्यंत आला. एकेक दगड त्याच्याशी बोलला. भरीव. भरीव. भरीव. खांबाजवळ आल्यावर त्याचा पाय आपोआप थबकला. तिथे एक फरशी पोकळ होती. ती त्याला ठाऊक होती. त्यानेच बसवली होती, खेळायला जायच्या घाईत. बापाने ती उचलू दिली नव्हती. “राहू दे. सगळ्या मंडईत एक-दोन निघणारच, त्यातली ही तुझी. खांबाच्या आडोशाला आहे, हिच्यावर ओझं यायचं नाही. रोज हिच्यावरून जात जा.” मुठीएवढी ती पोकळी चाळीस वर्षं त्याला ओळख देत आली होती.

मिस्त्री तिथे उभा राहिला आणि मनात हिशेब करू लागला.

एवढ्या जिवापाड बसवलेल्या मंडईत एक-दोन निघतात, आणि विमानतळावर आठ दिवसांत, चारशेच्या वर फरशांत, त्याला एकही पोकळ सापडली नव्हती. असं कधी होत नाही. जगात कोणाच्याही हातून होत नाही. त्याने फरशी तपासलीच नव्हती. नुसती टिंबं काढली होती.

घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. बायको भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सारलं आणि समोर येऊन बसली.

“काय झालं?”

त्याने सांगितलं. बारा दिवसांवर उद्घाटन आहे, हेही सांगितलं.

“मग उद्या जाऊन सांगा.”

“काय सांगू? बहिरा आहे म्हणून?”

“बहिऱ्याला बहिरा म्हटलं तर काय अंगाला भोकं पडतात?”

“पुन्हा कोणी तपासायला बोलावणार नाही. हे शेवटचं.”

“नाही बोलावलं तर नाही बोलावलं.” ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “अहो, तुमचे कान गेले तेव्हा मी एका शब्दाने कोणाला बोलले नाही. कारण तुमच्या कामात खोट नव्हती. आता खोट आली. आता मी कशी गप्प बसू?”

मिस्त्रीने ताट पुढे ओढलं आणि तो शेंगा निवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो इंजिनिअरबाईंसमोर जाऊन उभा राहिला. बाई तिशीच्या, हातात कायम गुंडाळलेला नकाशा. त्याने सगळं एका दमात सांगितलं: कान, तळवे, बूट, टिंबं. बाईंच्या हातातला नकाशा हळूहळू चुरगळत गेला.

“काका, घोटाई झाली आहे त्याच्यावर! काउंटर बसलेत!”

“हो बाई.”

“इतके दिवस का नाही बोललात?”

“लाज वाटली.”

बाईंना रागावायचं होतं, आणि त्या रागावल्याही. बाहेर ऐकू जाईल एवढ्या रागावल्या. मग खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “कानाने तपासणारे दुसरे बोलावू का?”

“बोलवा. पण इथे दहा यंत्रं चालू असतात. चांगल्या कानालाही कळायचं नाही. मला पायांनी तास-दीड तासात कळेल. फक्त बूट काढू द्या.”

आता गाडी शिट्टीसाहेबाकडे गेली. साहेबाने नियमांचं पुस्तक उघडलं. चालू कामाच्या जागी अनवाणी माणूस चालणार नाही म्हणजे नाही. बाई म्हणाल्या, हे बघा, फरशी फुटली तर पुस्तक कोणाच्या उपयोगाचं? साहेब म्हणाला, पाय फुटला तर मला विचारतील. दोघांची जुंपली. मिस्त्री एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दोघं एकदम बोलत असल्याने त्याला काहीच कळत नव्हतं.

एकाएकी साहेब गप्प झाला. त्याने मिस्त्रीकडे निरखून पाहिलं, मान वळवली आणि गळ्यातली शिट्टी हळूच फुंकली. मिस्त्रीची पापणीही लवली नाही.

“म्हणजे त्या दिवशी...” साहेब म्हणाला, आणि बाकीचं वाक्य त्याने गिळलं.

पुस्तक मिटलं. “नियमात आहे, चालू कामाच्या जागी. काम चालू नसेल तर ती जागा कामाची नाही.” चहाच्या सुट्टीला त्याने सगळी यंत्रं बंद करवली, मधल्या पट्टीभोवती दोरी बांधली, आत कोणाला सोडलं नाही, आणि स्वतः दोरीपाशी मिस्त्रीचे बूट हातात धरून उभा राहिला. एवढ्या मोठ्या टर्मिनलात तेव्हा इतकी शांतता पसरली, की कपबशीचा आवाज या टोकाकडून त्या टोकाला जात होता. मिस्त्रीला तो ऐकू आला नाही. पण थंड दगडावर पाय टेकले आणि त्याच्या अंगावर काटा आला. आठ दिवस रुसलेलं माणूस पुन्हा बोलायला लागावं, तसं झालं.

टक्. थांबायचं. पुढे. टक्. थांबायचं. पुढे.

पाचव्या रांगेत तो थांबला. पुन्हा ठोकलं. तळव्याखाली काहीतरी ढिलं हललं.

“ही.”

बाईंनी वाकून खडूने फुली मारली. पुढे आणखी एक. काउंटरच्या तोंडाशी तर एका ओळीत तीन. त्या दिवशी सुट्टी तासाने लांबली आणि कोणी कुरकुर केली नाही. दोरीपलीकडे कामगार चहाचे पेले धरून उभे होते, गारुड्याचा खेळ बघावा तसे. फुल्या मोजल्या, एकोणीस भरल्या. पहिली उचलली तेव्हा खाली पसाभर पोकळी निघाली. बसवणाऱ्यांचा म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही टिंब दिलंत म्हणून आम्ही निवांत होतो.” एवढं एकच वाक्य, पण मिस्त्रीला ते बाईंच्या सगळ्या रागापेक्षा जड गेलं.

एकोणीसच्या एकोणीस नव्याने बसल्या, पुन्हा घोटल्या गेल्या. काम उरकल्यावर बाई समोर येऊन, सावकाश, ओठ नीट हलवत बोलल्या. कोणीतरी त्यांना शिकवलं असावं, किंवा त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

“काका, यापुढे तपासणीच्या कागदावर तुमचं नाव मला घालता येणार नाही.”

“बरोबर आहे.”

“मला वाईट वाटतंय.”

“मलाही,” मिस्त्री म्हणाला. “पण ते बरोबर आहे.”

उद्घाटन मोठ्या लोकांपुरतं झालं. दुसऱ्या दिवशी दारं सगळ्यांना बघायला उघडी ठेवली. मिस्त्री बायकोला घेऊन गेला. निघताना बॅगवाल्याने दुरुस्तीला आलेली एक मोठी चाकांची बॅग तिच्या हातात दिली. “वहिनी, ही ओढून बघा. चाकं आजच बसवलीत. मोडली तर उद्यापासून हा माझा नोकर.”

मोठ्या दारातून आत आल्यावर बायको दिव्यांकडे बघत राहिली. मग तिने रिकामी बॅग टेकवली आणि मधल्या पट्टीवरून काउंटरकडे ओढत निघाली. मिस्त्री तिच्या पुढे होऊन उलट पावलांनी चालू लागला. चाकांचा आवाज त्याला ऐकू येणार नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. पाचवी रांग गेली. चेहरा तसाच. अर्धी पट्टी गेली. काउंटरच्या तोंडाशी, जिथे एका ओळीत तीन होत्या, तिथे ती थबकली आणि खाली वाकली.

मिस्त्री जागीच थांबला. “काय झालं? आवाज बदलला?”

“कसला आवाज?” ती फरशीत बघत म्हणाली. “इथे कपाळावरचा केसही दिसतो हो स्वच्छ.” तिने बट कानामागे सारली, सरळ झाली आणि मग त्याचा चेहरा पाहून समोर येऊन हळू बोलली, “दारापासून इथपर्यंत एकच आवाज आहे. एकसारखा.”

मिस्त्रीने वहाणा काढल्या आणि बगलेत धरल्या. आजूबाजूने शेकडो बॅगा, शेकडो पावलं चालली होती, आणि ती सगळी त्याच्या तळव्यांत येत होती.

“अहो, शिट्टी वाजतेय. तो साहेब इकडेच येतोय.”

“येऊ दे.”

साहेब तरातरा जवळ आला. माणूस ओळखला, पाय बघितले, आणि शिट्टी गळ्यात सोडून दिली. मग त्यांच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, दाराकडून येणाऱ्या गर्दीवर लक्ष ठेवत तो तिथेच उभा राहिला, मिस्त्रीचं चालून होईपर्यंत.

परतल्यावर बॅगवाल्याने बॅग उलटी करून चारही चाकं फिरवून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“काही नाही झालं यांना.”

“मग उद्यापासून?” मिस्त्रीने विचारलं.

“स्टूल रिकामंच आहे म्हटलं ना,” बॅगवाला म्हणाला. “चाक मोडू दे नाही तर राहू दे. ये.”

आणि हे तो समोर तोंड करून म्हणाला.