माझ्या घशातला माधव

आधीच सांगून टाकतो, भूत, करणी, आत्मा, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. सोलापूरला आमच्या घरासमोरून मांजर आडवं गेलं की वडील म्हणायचे, "जाऊ द्या, त्यालाही कामं असतील." अशा घरात वाढलेला मी. त्यात रेल्वेत सिग्नल खात्यात नोकरी. सिग्नल लाल तर लाल, हिरवा तर हिरवा, पिवळा असेल तर त्यालाही नियम आहे. नियमाबाहेरचं काही दिसलं की आधी वायर तपासायची, ही आमची सवय. या अनुभवातल्याही सगळ्या वायरी माझ्या तपासून झाल्यात... तरी लिहितोय.

बदली होऊन वाराणसीला आलो तेव्हा क्वार्टर मिळेना. ऑफिसातल्या एकाने दुर्गाघाटाजवळचं एक मराठी घर सुचवलं. तिथली गल्ली अशी, की समोरून गाय आली तर आपणच कुणाच्या तरी ओट्यावर चढून तिला वाट द्यायची. रिक्षा मुख्य रस्त्यावरच थांबते. वर मी आणि माझी बायको सुजाता, खाली घरमालक गुरुजी आणि इंदुकाकू. पिढ्यान्पिढ्या काशीत राहिलेलं, वेदपठणाचं घर. काकूंच्या मराठीत हिंदी इतकं मिसळलेलं, की सुजाता सुरुवातीला नुसतीच मान डोलवायची.

आम्ही राहायला यायच्या आधीच गुरुजींना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेलेली, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, आणि बोलणं म्हणजे सुटे सुटे शब्द — पाणी, ऊन, पुरे. एके काळी विद्यार्थ्यांना शिकवणारा माणूस, पण मी त्यांचं पठण कधीही ऐकलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

त्यांचा एकुलता एक मुलगा माधव पुण्यात नोकरीला होता. वडिलांच्या आजारपणानंतर थोड्याच महिन्यांत तो तिकडे बाइकच्या अपघातात गेला. गुरुजींना हे कुणीच सांगितलं नाही. धक्का सोसणार नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे गुरुजी "माधव?" म्हणाले की काकू हसऱ्या आवाजात सांगायच्या, "कामात आहे हो, छुट्टी मिळाली की येणार." आणि बाहेर येऊन पदर तोंडात कोंबायच्या. हे आम्ही जाता-येता बघत होतो. बघून काय करणार?

आता माझं नाक. हाड वाकडं, त्यात पॉलिप, म्हणजे मांसाच्या गाठी, वाढलेल्या. बनारसच्या थंडीतल्या धुरकट हवेत तोंडाने श्वास घेऊन घेऊन जीव मेटाकुटीला आला, तेव्हा ऑपरेशन ठरलं. डॉक्टर भला माणूस. आधीच समजावलं, "गले में ट्यूब जाएगी, साथ में गीली पट्टी रखेंगे, ताकि ख़ून नीचे न उतरे. बाद में निकाल लेंगे. गला कुछ दिन दुखेगा, घबराइएगा मत."

कुछ दिन दुखेगा! शुद्धीवर आलो तेव्हा घसा आतून काथ्याने घासल्यासारखा झाला होता. दोन्ही नाकपुड्यांत बोळे, श्वास तोंडाने, त्यामुळे जीभ टाळ्याला चिकटायची. आवंढा गिळायचा म्हणजे मनाची तयारी करावी लागे. सूचना भरपूर होत्या. डोकं उंचावर ठेवून झोपा, घोट-घोट पाणी पीत राहा, कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा, नाक शिंकरू नका, तिखट-गरम खाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "बोलना बिल्कुल बंद. फुसफुसाना भी नहीं." घशात रक्त उतरतंय असं वाटलं तर थेट निघून यायचं.

घरी आलो आणि मोबाइलवर टाइप करून बोलू लागलो. सुजाता म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात शांतता आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती औषधं आणायला गेली होती. थर्मासमधलं पाणी संपलं आणि घसा असा सुकला की राहवेना. जिन्याच्या तोंडाशी गेलो आणि अगदी हळू म्हणालो, "काकू, जरा कोमट पाणी..."

तो आवाज माझा नव्हता.

माझा आवाज जाडा, फाटका. प्लॅटफॉर्मवर मला माइक लागत नाही. नाकात बोळे असताना तो आणखी बोबडा यायला हवा होता. पण हा आवाज बारीक, तरुण आणि स्वच्छ होता. खाली भांडं पडल्याचा आवाज झाला. आणि आतल्या खोलीतून गुरुजींनी अख्खं वाक्य उच्चारलं, "माधव आला का गं?"

काकू वर आल्या त्या रिकाम्या हातांनी. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अजून एकदा बोला." आणि लगेच स्वतःच हात हलवून, "नको नको. डॉक्टर मना केले आहेत ना. तुम्ही घसा सांभाळा." मी मोबाइलवर लिहिलं, घशाला सूज आहे म्हणून आवाज बदलला असेल. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "असेल. पण मी आई आहे ना त्याची."

खरा प्रश्न पुढे उभा राहिला. गुरुजींनी जेवण सोडलं. काकूंनी घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायचे. "आधी त्याला पाठव." संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. दूधसुद्धा घेईनात. मुलगा घरात येऊन आपल्याला भेटत नाही, असा समज झालेला बाप होता तो. काकू वर येऊन मला गुळण्यांचं पाणी देत होत्या, 'बोलू नका' म्हणून बजावत होत्या, आणि खाली नवरा उपाशी पडला होता. ही ओढाताण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

शेवटी त्याच विचारायला आल्या. "मी हे बोलायला नको, मला कळतं. पण ते असे गेले तर... त्यांना वाटेल मुलगा रूठला. एकच शब्द बोला. बस, एक."

सुजाता चिडली. "आणि यांना रक्त आलं तर? काकू, मलाही घर आहे हो." तिचं चुकीचं नव्हतं. पण मी उठलो. मला त्या बाईकडे बघवत नव्हतं, एवढंच कारण.

खाली गुरुजींच्या खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं. काकू आधी आत गेल्या. "आला बघा माधव. घसा बसलाय त्याचा, ज्यादा बोलवू नका." मी खाटेजवळ जमिनीवर बसलो. ठरवलं होतं — "अप्पा, मी आलोय," एवढंच म्हणायचं आणि उठायचं. माधव त्यांना अप्पा म्हणायचा, हे काकूंनी सांगितलं होतं.

पण गुरुजींनी मला बोलूच दिलं नाही. डावा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला. आणि त्या माणसाने, ज्याच्या तोंडून चार शब्द धड निघत नव्हते, एक अर्धी ऋचा स्वरात म्हटली आणि तो थांबला.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. या घराची रीतच ती, हे मला नंतर कळलं. मुलगा बाहेरगावाहून आला की बाप 'कसा आहेस' विचारत नाही. अर्धी ऋचा म्हणतो, उरलेली मुलाने पूर्ण करायची, मग पायांवर डोकं ठेवायचं. घाईत काकूंना ही रीत आठवलीच नव्हती. आता सोंग उघडं पडणार, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

'थकलोय अप्पा' म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं.

आणि उरलेली ऋचा माझ्या घशातून बाहेर आली.

कशी, ते मला सांगता येत नाही. मला गणपती अथर्वशीर्षसुद्धा पुस्तक हातात घेतल्याशिवाय येत नाही. शब्द मला माहीत नव्हते, पुढचा कुठला येणार तेही कळत नव्हतं. घसा आतून फाटत होता आणि तरी आवाज स्वच्छ चालला होता. डोक्यावरचा गुरुजींचा हात स्वराबरोबर वर-खाली होत होता. शिकवताना गुरू शिष्याची मान अशीच हलवतात म्हणे. एका जागी त्यांच्या हाताने माझी मान वर नेली, आणि आवाज मात्र खाली गेला.

हात थांबला. गुरुजींनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "तिथंच. लहानपणापासून तिथंच चुकतोस."

त्यांनी ती जागा पुन्हा म्हणून दाखवली. मी पुन्हा म्हटली. या वेळी मान आणि आवाज बरोबर वर गेले.

"हं," गुरुजी म्हणाले. मग काकूंना, "दोघांना जेवायला वाढ गं."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. नाटक म्हणून नाही, ते माझं मलाच कळत होतं. काकूंनी वरण-भात कालवला आणि गुरुजींनी तो सगळा खाल्ला. मी दाराशी पोहोचलो तोच तोंडात खारट, गरम चव आली. हातात थुंकलो तर लाल.

पुढचं सगळं विस्कटलेलं आठवतं. सुजाताने एका बाजूने धरलं, शेजारच्यांनी दुसऱ्या बाजूने. गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत चालत, वाटेत थांबून रक्त थुंकत. मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं. हॉस्पिटलमध्ये पुन्हा बोळे भरले, रक्त थांबलं. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि ते रागावले. सुजाताने रडत रडत सांगितलं, की हे मोठ्याने ऋचा म्हणत होते. डॉक्टरांना पटेना. "स्वरयंत्र पर इतनी सूजन है मैडम... इससे आवाज़ निकलना ही मुश्किल है. पाठ कैसे करेंगे?"

घरी परतलो आणि पुढच्या काही दिवसांत घशाची सूज उतरत गेली. पहिला शब्द बोललो तो माझ्याच जाड्या, फाटक्या आवाजात.

गुरुजी त्याच सुमारास गेले. सकाळी चहा मागितला आणि काकू घेऊन येईपर्यंत संपलं होतं. त्या दिवसानंतर त्यांनी 'माधव?' असं पुन्हा विचारलं नव्हतं.

सुजाताचं म्हणणं, गल्लीत कुठे ना कुठे पठण चालूच असतं, ते माझ्या कानात बसलं असेल आणि औषधांच्या गुंगीत बाहेर आलं असेल. बसलं असेल, मान्य. पण चूक? काकूंनी शपथेवर सांगितलं की माधव बरोबर त्याच जागी स्वर खाली न्यायचा, मुंज झाल्यापासून, आणि हे बाप-लेक आणि त्या सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे माझी वायर तुटते. उत्तर कुणाकडे असेल तर जरूर कळवा. 'तुम्हाला भास झाला' एवढंच सांगायचं असेल, तर ते मी स्वतःला रोज सांगतो.

एक मात्र सांगायचं राहिलं. गुरुजींचं तेरावं झाल्यावर काकू सवयीने कोमट पाणी घेऊन वर आल्या. मी म्हणालो, "काकू, आता गरज नाही हो. घसा बरा आहे." त्या ऐकत राहिल्या, माझं बोलून झाल्यावरही.

"हा तुमचा आवाज," त्या म्हणाल्या. "चांगला आहे." मग ग्लास खाली ठेवत म्हणाल्या, "इतके दिवस तो घरात होता आणि मी नुसती म्हणत राहिले, बोलू नका, घसा सांभाळा. त्यांच्यासाठी मागून घेतलं. मला एकदा 'आई' म्हणा, एवढं म्हणायचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, "आई."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. "नाही हो," म्हणाल्या, आणि हळूहळू जिना उतरून गेल्या.