गेरूचा घोडा

भोकरदन तालुक्यातल्या एका देवळात एक पेंटर भिंतीवरचा, गेरूने काढलेला जुना घोडा दुरुस्त करत होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. येता-जाता लोकांनी हात लावून लावून घोड्याची मान पुसट केली होती.

"ठिगळ दिसलं तं उद्या सगळ्या भितीला डब्यातला रंग मारू, पेंटर," एक पंच बजावून गेले. म्हणजे घोडाच जाणार होता.

माझ्या बसला सव्वा तास होता. मी पायरीवर बसलो.

गेरू त्याने तीन पाण्यांतून गाळून वाळवून आणला होता. त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घालून तो पाट्यावर घोटू लागला. मधूनच थोडा रंग चिमटीत धरून कानाशी चोळायचा आणि न घोटलेल्या कणांची खरखर वाजते का ते ऐकायचा. चाळीस मिनिटं हेच चाललं. त्या संथ घरघरीत माझं मोबाइलवर वेळ बघणंही थांबलं.

मग त्याने मान रंगवली. ती काळपट दिसली.

"जुळला नाही हो," मी म्हणालो.

"ओला हाय, काका. वाळून राह्यला. मंग बोला."

बस आली आणि गेली. मी उठलो नाही. कडेकडेने रंग उजळत, जुन्या गेरूसारखा मातकट होत गेला.

पंच परत आले. "कुठवर केलं काम?"

"तुमीच दाखवा."

त्यांचं बोट मानेवरून दोनदा फिरलं आणि पोटापाशी थांबलं. "इथवर?"

"न्हाई. ते तुमच्या आज्याच्या टायमाचं हाय," तो पाटा धूत म्हणाला.

डब्यातल्या रंगाचा विषय पुन्हा निघाला नाही.