एलिसापीचा होकार

एलिसापी सात वर्षांची असताना तिला जहाजावर चढवलं. उत्तर ध्रुवाकडच्या त्यांच्या बर्फाळ किनाऱ्याला लागलेल्या त्या जहाजावरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, क्षय निघाला, आणि तिला परत तंबूत जाऊ दिलं नाही. दक्षिणेतल्या इस्पितळात ती अडीच वर्षं पडून होती. घरी आली तेव्हा आईने काहीतरी विचारलं आणि हिच्या तोंडून इंग्रजी निघालं. आई तोंड फिरवून रडली. तेव्हापासून एलिसापीने इंग्रजी जिभेवर येऊ दिलं नाही. पुढे सत्तावीस वर्षं तिने शाळेच्या फरशा पुसल्या. मुख्याध्यापक इंग्रजीत सांगायचे, ही आपल्या भाषेत उत्तर द्यायची. कळायचं सगळं.

यामिनीला हे फार उशिरा समजलं. यामिनी मूळची नागपूरची, ओटावातल्या एका रुग्णालयात श्वासाच्या मशीन सांभाळायची. एलिसापी तिच्यासमोर आली ती शहात्तर वर्षांची होऊन. फुप्फुसांत जुन्या क्षयाचे व्रण, वर साठ वर्षांच्या सिगारेटी, आणि तीन खोल्यांत नऊ माणसांचं घर, जिथे एकाचा खोकला सगळ्यांचा होतो.

सोबत नात होती, उलूसी. नळीत फुंकायची वेळ आली की म्हातारी काहीतरी पुटपुटायची आणि उलूसी हसायची.

"म्हणते, जन्मात एवढ्या मेणबत्त्या विझवल्या नाहीत."

"सांग तिला, आजी, अजून एकदाच."

"म्हणते, कालही एकदाच होतं."

नऊ दिवस असेच गेले. उत्तरं उलूसीच्या तोंडून यायची, त्यामुळे म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघायची यामिनीला कधी गरजच पडली नाही.

शुक्रवारी साडेतीनला डॉक्टर यामिनीला म्हणाले, "आता फारशी सुधारणा नाही. हवं तर अजून तीन आठवडे इथे मशीनवर प्रयत्न करू, नाहीतर उद्याच्या विमानाने ऑक्सिजन देऊन घरी पाठवू. तिलाच विचार. चारच्या आत सीट कळवायची आहे."

दुभाषी सुट्टीवर होती. उलूसी संत्री आणायला गेली होती. तिकडे उत्तरेत, त्यांच्या गावी ती परवडत नाहीत. तिचा फोन नंबर पलंगाशेजारच्या पाटीवर होता. पण बाहेर पहिला बर्फ सुरू झालेला आणि सव्वाचारला यामिनीची गाडीला विंटर टायर्स, बर्फात न घसरणारे, बसवून घ्यायची अपॉइंटमेंट. ती चुकली की पुढची दोन आठवड्यांनी.

म्हातारीच्या नाकातोंडावर मास्क होता. यामिनी वाकली.

"आजी, घरी जायचंय?"

एलिसापीने भुवया उंचावल्या.

आपल्याकडे भुवया उडवल्या की त्याचा अर्थ 'काय?' यामिनीने पुन्हा विचारलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. हातांनी विमान करून दाखवलं. भुवया पुन्हा वर गेल्या, या वेळी जरा वेळ तशाच राहिल्या.

"की इथेच राहायचंय?"

मास्कच्या वर कपाळ हललं नाही. मास्कखाली काय झालं ते दिसलं नाही.

यामिनीने लिहिलं: रुग्णाला प्रश्न समजत नाही, निर्णय पुढे ढकलावा. टायर्स वेळेवर बसले.

सोमवारी उलूसी तिची वाटच बघत होती.

"तिला प्रश्न समजला नाही, असं तू लिहिलंस?"

"दोनदा विचारलं. नुसत्या भुवया वर करत होती."

उलूसीने स्वतःच्या भुवया वर केल्या. "म्हणजे हो. नाही म्हणायचं असेल तर आम्ही नाक आक्रसतो. ती दोनदा हो म्हणाली, यामिनी. आणि इंग्रजी तुझ्याइतकंच कळतं तिला." मग तिने ते जहाज, इस्पितळ, आई, सगळं सांगितलं.

यामिनीने त्याच मिनिटाला फोन फिरवायला घेतले. पुढची सीट गुरुवारची मिळाली. एलिसापी बुधवारी पहाटे गेली.

उलूसी सामान भरत होती तेव्हा यामिनी दारात येऊन उभी राहिली.

"माझं चुकलं."

"हो."

"तुला एक फोन करायला हवा होता."

"मी दुकानात रांगेत उभी होते. उचलला असता." उलूसीने म्हातारीचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळले. "घरी तिची खाट खिडकीशी लावली होती, समुद्र दिसेल अशी. आईला मी सांगितलंय, सीट मिळाली नाही म्हणून."

"खरं ते मी सांगू का त्यांना? मी बोलते."

"कशाला?" उलूसी वळली. "तुला बरं वाटावं म्हणून माझ्या आईने ते ऐकायचं?"

बॅगेची चेन अडकत होती. यामिनीने पुढे होऊन एक बाजू धरली, उलूसीने दुसरी ओढली, आणि दोघी ती चेन लावत बसल्या.