रजईच्या कोटाला तीन कौल

कात्री हातात घेऊन मी रजईसमोर उभा होतो आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळत नव्हतं. मी लेडीज टेलर. मालवणच्या बाजारात दुकान. ब्लाऊज, परकर, फार तर शाळेचा युनिफॉर्म. ऐंशीच्या दशकातल्या मालवणात गरम कपडे शिवायची वेळ कोणावर येणार? तीस वर्षांत मी एकही कोट शिवला नव्हता.

रजई सुमतीकाकींची. त्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला. त्याने कुठल्याशा थंड देशातून ती आणली होती. आत बदकाच्या पोटाखालची मऊ पिसं. आमच्या हवेत ती अंगावर घेणं म्हणजे शिक्षाच, म्हणून ती ट्रंकेत पडून होती. पण काकींना बद्रीनाथला जायचं होतं. यात्रा कंपनीने छापील यादी पाठवली होती: जाड गरम कोट नसेल त्याला बसमध्ये घेणार नाही.

"गोपाळा, मुंबैसून कोट हाडूक आता दिवस नाय. ह्येचोच शिव. मगे माका कोण आडवता ता बघतंय."

अडवणारे घरातच होते. आबा, काकींचे धाकटे दीर, गावच्या देवळाचे मानकरी. काकी तीन आठवडे गेल्या तर बांगड्याचं तिखलं कोण करणार, हा त्यांचा खरा प्रश्न होता. तो चारचौघांत मांडता येईना, म्हणून त्यांनी पिसांचा मांडला.

"पाखराची पिसां आंगावर घालून देवाच्या दारात जातलास, वैनी? देवाक इचारया."

आमच्याकडे शंका आली की देवाचा कौल घेतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शिंपी म्हणून मलाही बोलावणं आलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी सुमती बद्रीनाथाक जावक निघाली आसा. झिलान हाडलेली रजय कापून तिका कोट शिवची परवानगी दी रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा."

उजवी पडली.

"ह्यो कापूचो कौल," आबा म्हणाले. "घालूचो खंय मिळालो?"

पुन्हा गाऱ्हाणं. उजवी पडली.

"पण देवळात घालूचो?"

तिसऱ्यांदाही उजवी. आबांचा चौथा प्रश्न तयार असावा, पण गुरव तांब्या उचलून म्हणाला, "आबानु, देवाक दुसरी कामां आसत."

अशी देवाची परवानगी घेऊन मी कामाला लागलो. रजईला चौकोनी कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात थोडी पिसं, म्हणजे ती एका टोकाला गोळा होत नाहीत. मी त्या कप्प्यांकडे लक्षच दिलं नाही. नेहमीसारखं काकींच्या मापाने खडूने मार्किंग केलं आणि मुंढा कापला. मुंढा म्हणजे बाही जोडायची गोल जागा. कात्री दोन कप्प्यांतून आरपार गेली आणि वर पंखा फुल स्पीडवर.

पुढची दहा मिनिटं मला आठवतात ती लाजेने. पिसं छताला, पिसं मशीनवर, पिसं लग्नाच्या ब्लाऊजांवर. घामेजलेल्या अंगाला ती अशी चिकटली की निघेनात. नेमके आबा दारात.

"देवान कौल दिल्यान," ते शांतपणे म्हणाले. "हात देवक इसारलो."

काकींना सांगायला गेलो तेव्हा केसांत अजून पिसं होती. बस आठवड्यावर होती आणि रजई एकच. काकी रागावल्या नाहीत. पोळपाट पुढे ओढल्यासारखा हात करून म्हणाल्या, "करंजी करताना बघलंस कधी? आदी कडा दाबतत, मगे कातणान कापतत. आदी कापलंस तर सारण भायर येतला."

तीस वर्षं मी आधी कापत होतो आणि मग शिवत होतो. उलटं करता येतं हे डोक्यात आलंच नव्हतं. दुकानात येऊन पंखा बंद केला. खडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनची बारीक टीप मारली आणि दोन टिपांच्या मधून कापलं. एक पीस बाहेर आलं नाही. फुटलेल्या कप्प्यांतली पिसं मात्र गेली ती गेली. बाह्यांना कमी पडलं, पण उरलेली अर्धी रजई पुन्हा फोडायची माझी हिंमत नव्हती, तेव्हा काकींनी स्वतःची उशी फोडून सावरीचा कापूस दिला. पुढच्या बाजूला चेन, गळ्याला जाड कॉलर.

ट्रायलला वैशाखातली दुपार होती.

"कसा वाटता, काकी?"

"मरणाचा उकडता."

"मगे बरोबर झालो."

काकी गेल्या. कंपनीच्या माणसाने कोट चिमटीत धरून पाहिला आणि त्यांना बसमध्ये बसवलं. ज्येष्ठात त्या गंगाजलाची बाटली घेऊन दुकानात आल्या. "बद्रीनाथाक बरफ पडत होता, गोपाळा. मुंबैवाले कुडकुडत होते. माका घाम इलो." मला इतका आनंद झाला की मी गिऱ्हाइकासमोरच डोळे पुसले.

दोन दिवसांनी आबा आले. बगलेत उरलेली अर्धी रजई.

"वैनी सांगता, थंय लय बरा वाटता. फुडल्या वर्साक म्हटला मीय जाईन. ह्येच्यात माझो होतलो मा?"

"होतलो. पण आदी कौल घेवक व्हयो, आबानु."

"कपड्याक कित्याक कौल?" आबा म्हणाले आणि माप द्यायला हात पसरून उभे राहिले.

तेव्हापासून मी दोन नियम पाळले. भरलेली वस्तू आधी शिवायची, मग कापायची. आणि जो माणूस देवाच्या नावाने नको म्हणतो, त्याचंही माप वहीत लिहून ठेवायचं. लागतं.