पांढरीसाठी एक पान

गवराबाईला कुणी देवाचं नाव घ्यायला सांगितलं, की ती खंडोबाच्याही आधी पांढरीचं नाव घेई. चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठच्या तिच्या गावात नदीला लागून एक मोठं टेकाड होतं. त्याची माती राखेसारखी पांढुरकी आणि भुसभुशीत, म्हणून ती पांढर. ऋषीच्या शापानं तिथलं पापी गाव एका रात्रीत पालथं झालं, असं जो तो सांगे. ऋषी कोण आणि पाप कसलं, हे मात्र कुणाला धड सांगता येत नसे.

नवरा गेला तेव्हा गवराबाईच्या वाट्याला मुरमाचं एक वावर आणि रांगती लेक शकू, एवढंच आलं. वावर असं, की पेरलेलं बी परत मिळायची मारामार. मग भावकीतला दीर सावळाराम आपली बैलगाडी घेऊन आला आणि वहिनीसाठी पांढरीची माती वाहू लागला. सगळं गावच ती माती खत म्हणून नेई, पण पहिलं खोरं मारण्याआधी टेकाडाला हळदकुंकू आणि भाकरतुकडा ठेवणारी गवराबाई एकटीच.

"पाप्यांच्या गावाला कसला निवद, वैनी?" सावळाराम चिडवी.

"खातोय न्हवं त्यांचं?" एवढंच ती म्हणे.

वैशाखात माती पडे आणि पाऊस सरता सरता त्याच मुरमावर बाजरी डोक्याएवढी उभी राही. मातीतल्या खापऱ्या बैलांच्या खुरांत घुसत, म्हणून त्या वेचून ती बांधावर टाकी. होता होता तिचा सगळा बांधच खापऱ्यांचा झाला.

स्वातंत्र्यानंतर पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. दिवाळीनंतर पुण्याहून नानासाहेब नावाचे वयस्क संशोधक तंबू घेऊन आले आणि टेकाड खणायला लागले. मजुरांत गवराबाईही होती, सावळारामही होता. दुपारी भाकरी खाताना नानासाहेब सांगत, की दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, इथं नांदतं शहर होतं. बैलांच्या पाठीवरून कापड घाट उतरून बंदरावर जाई, आणि समुद्रापलीकडच्या रोमी लोकांची दारू मोठ्या कुंभांतून वर येई.

"म्हंजे आपल्या आधीच्यांची चैनच व्हती की," सावळाराम म्हणाला, आणि सगळे हसले.

खणता खणता एके दिवशी नानासाहेबांनी खणलेल्या चराच्या कडेला बसून मातीचे थर तपासले. "हे शहर कसं वाढलं, ते खालच्या थरांत दिसतंय," ते म्हणाले. "कसं संपलं, ते वरच्या थरांत असणार. पण वरचे थर जागेवरच नाहीत. इथली माती कुणी नेली?"

माती सगळ्यांनीच नेली होती, पण बघत होते सगळे गवराबाईकडे. तिनं हातातलं खोरं खाली ठेवलं. ती पुढे झाली.

"समद्यांत जास्ती मी नेली, सायेब. वावरात घातली. आमी ती खाऊन बसलो."

नानासाहेब रागावले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी चावडीवर सांगितलं, की यापुढे टेकाडाला कुणी खोरं लावायचं नाही. गवराबाई हिशोब करतच घरी आली. माती थांबली की वावराचा पुन्हा मुरूम होणार. मग शकूच्या ताटात काय वाढायचं?

तरीही सकाळी ती गेली ती नानासाहेबांनाच बोलवायला. नेलेल्या मातीचं ओझं तिला जड झालं होतं. "माती काय परत देता येत न्हाई," ती म्हणाली, "पन तिच्यातल्या खापऱ्या बांधावर हायेत. त्या तरी बघा."

बांध बघितला आणि नानासाहेब धोतर सावरून तिथंच मातीत बसले, ते दिवस मावळायला आला तरी उठेनात. खापऱ्यांचे दोन ढीग झाले. एकात तुळतुळीत, पातळ, भरल्या घरच्या. दुसऱ्यात जाड्याभरड्या, कच्च्या भाजलेल्या. त्या दुसऱ्या ढिगातली एक त्यांनी गवराबाईच्या हातात दिली. धान्याच्या रांजणाचा तुकडा होता तो. तड्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली होती.

"दोरीनं आवळून वापरत होते," नानासाहेब म्हणाले. "जागेवरून हललेल्या खापऱ्या आहेत, छातीठोक सांगता येणार नाही. पण मला वाटतं, शहर एका रात्रीत पालथं झालं नाही. दूरचा व्यापार आटला, राज्य मोडलं, गिऱ्हाईक येईना. नवा रांजण घ्यायची ऐपत राहिली नाही. मग एकेक घर उठून गेलं."

गवराबाई त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. तिच्या घरातली धान्याची कणगीही सुतळीनं आवळलेलीच होती. पापी कसले, तिला वाटलं, ही तर आपल्यासारखीच माणसं, चांगले दिवस बघून ओढगस्तीला आलेली.

"मग माती एवढी कसदार कशी वो त्यांची?" तिनं विचारलं.

"त्यांच्या चुलींची राख, गोठ्यांतलं शेण, उष्टंखरकटं. शेकडो वर्षांचं साठलेलं." उठता उठता नानासाहेबांनी टेकाडाकडे हात केला. "चराशेजारी आम्ही चाळून टाकलेल्या मातीचा ढीग आहे ना, तो आमच्या काही कामाचा नाही. टेकाडाला हात लावू नका, पण ढीग खुशाल न्या. अजून दोन-तीन हिवाळे आम्ही खणणार आहोत. तुम्ही नेलात तर आमचीच अडचण दूर होईल."

गवराबाई वाकून आधी खापऱ्यांच्या पाया पडली, मग नानासाहेबांच्या.

त्या उन्हाळ्यात चाळलेली माती तिच्या वावरात पडली आणि बाजरी पुन्हा उभी राहिली. भादव्यात सर्वपित्री अमावस्येला तिनं सावळारामला जेवायला बोलावलं. नवऱ्याच्या नावाचं पान मांडलं, सासूसासऱ्यांचं मांडलं, आणि शेजारी आणखी एक मांडलं.

"ह्ये कुनाचं, वैनी?" सावळारामनं विचारलं. "नाव काय घ्यायचं?"

"नाव ठावं न्हाई. पन त्यांच्या चुलीच्या राखेवर माझी शकू वाढली. त्यांना पान वाढायला त्यांच्यामागं हाय कोन?"

सावळारामनं तांब्या उचलला आणि त्या पानाभोवती स्वतःच्या हातानं पाणी फिरवलं.